पोट आवळण्याची शस्त्रक्रिया : अपेक्षा, मर्यादा आणि खर्चाचा प्रश्न

आमच्या वार्षिक अहवालाच्या वाचकांत देणगीदार आहेत, विश्वस्त आहेत आणि रुग्णांचे नातेवाईकही आहेत. या तिघांनाही वेगवेगळ्या कारणांनी जाणून घ्यावासा वाटणारा एक विषय यंदाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही निवडला आहे. मोठ्या शहरांतील जाहिरातींमुळे ‘टमी टक’ हा शब्द आता परभणी, गंगाखेड, जिंतूरपर्यंत पोहोचला आहे. शब्द पोहोचला, त्यामागची माहिती मात्र पोहोचलेली नाही. ‘टमी टक करून वजन किती कमी होईल?’ असे रुग्ण विचारतात. ‘श्रीमंतांच्या हौसेची ही शस्त्रक्रिया धर्मादाय रुग्णालयात कशासाठी?’ असे देणगीदार विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे की, पोट सुटल्याची तक्रार घेऊन येणारी प्रत्येक व्यक्ती एकाच दुखण्याची नसते. पन्नाशीच्या गृहस्थांचे घट्ट, गरगरीत, पुढे आलेले पोट बहुधा आतड्यांभोवती साठलेल्या चरबीचे असते. ही चरबी उदरपोकळीच्या आत असल्याने कोणत्याही टमी टकने ती निघत नाही. तिचा संबंध मधुमेहाशी व हृदयविकाराशी आहे आणि तिच्यावरील उपाय आहार, चालणे व औषधोपचार हाच आहे. याउलट तीन-चार बाळंतपणे झालेल्या, अंगाने किडकिडीत असलेल्या स्त्रीचे पोट संध्याकाळपर्यंत फुगून येते, ओटीपोटावर कातडीची घडी लोंबते, कंबर दुखते. आणि आजूबाजूच्या बाया तिला ‘पुन्हा दिवस गेले का?’ असे विचारून हैराण करतात. या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णभगिनींसाठीच हा लेख प्रामुख्याने लिहिला आहे.

पोटाची भिंत सैल पडते म्हणजे काय?

पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत दोन उभे, पट्ट्यांसारखे स्नायू असतात. त्यांना मधोमध जोडणारा एक पांढरा, चिवट पडदा असतो. गरोदरपणात गर्भ वाढतो तसा हा पडदा ताणला जातो व दोन्ही स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुतेक स्त्रियांचे स्नायू पुष्कळसे पूर्ववत जवळ येतात. परंतु लागोपाठची बाळंतपणे, जुळी मुले, मोठे बाळ किंवा मुळातच कमकुवत ऊती असल्यास पडदा रुंदच राहतो. दोन स्नायूंमधील हे अंतर २ सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर त्यास सामान्यतः विकृती मानले जाते. घरी पाहण्याची सोपी रीत अशी : उताणे झोपून गुडघे दुमडावेत आणि डोके किंचित वर उचलावे. मधल्या रेषेवर उंचवटा उभा राहिला व तेथे दोन-तीन बोटे सहज आत गेली, तर डॉक्टरांना दाखवावे.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पडदा केवळ ताणला गेला असेल तर त्यातून आतडे बाहेर येत नाही व जिवाला धोका नसतो. पडद्याला भोक पडले असेल तर तो हर्निया होय. बेंबीजवळ किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणावर गाठ येते, खोकल्यावर ती वाढते, निजल्यावर आत जाते. अशा हर्नियात आतडे अडकून पीळ बसू शकतो. गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

बाळंतिणीचे पोट सुती लुगड्याने घट्ट बांधण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. तिला आम्ही नावे ठेवणार नाही. बांधण्याने कंबरेस आधार मिळतो व उठता-बसता बरे वाटते. मात्र दूर गेलेले स्नायू त्याने जुळून येतात, हा समज खरा नाही. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले पोटाच्या खोल स्नायूंचे व श्वासाचे व्यायाम अधिक उपयोगी पडतात, आणि सौम्य तक्रारींत तेवढ्याने भागते. म्हणूनच शस्त्रक्रियेची मागणी घेऊन येणाऱ्या भगिनींना प्रथम काही महिने व्यायाम करावयास सांगण्यात येते. ही टाळाटाळ आहे असे कृपया समजू नये.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ‘पोट पुढे आले, कंबर दुखते, म्हणजे पिशवी खाली आली, काढून टाका,’ असा सल्ला आपल्या भागात फार स्वस्त झाला होता. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आपल्या सोनपेठ, गंगाखेड, पालम या भागांतूनही कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. तेव्हा हा आकडा आपल्याला परका नाही. गर्भाशय काढल्याने पोटाची सैल भिंत घट्ट होत नाही. उलट पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या व्रणावर पुढे हर्निया होण्याची शक्यता वाढते. पोटाचा घेर हे गर्भाशय काढण्याचे कारण कधीच असू शकत नाही, हे वाचकांनी आपल्या लेकीसुनांना आवर्जून सांगावे.

शस्त्रक्रियेत काय केले जाते?

सुघटन शल्यशास्त्राला ‘प्लास्टिक सर्जरी’ म्हटले जाते म्हणून त्यात प्लास्टिक बसवितात, अशी भाबडी समजूत आजही कानांवर येते. वस्तुतः या शब्दाचा मूळ अर्थ ‘आकार देणे’ असा आहे. या शास्त्राच्या इतिहासात महाराष्ट्राचे नाव मानाने घेतले जाते. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात गाडीवान असलेल्या कावसजीचे नाक कापले गेले होते; ते पुण्याजवळ एका कारागीर वैद्याने कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडविले आणि त्याचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. युरोपातील शल्यविशारदांनी ही पद्धत त्यानंतर उचलली. पोटाची शस्त्रक्रिया त्यामानाने अलीकडची. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ साली लोंबणारी कातडी व चरबी आडव्या छेदाने काढल्याचे नोंदविले, आणि ब्राझीलचे इव्हो पितांगी यांनी १९६७ साली ३०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आजच्या पद्धतीवर त्यांचा ठसा मोठा आहे.

पूर्ण भूल देऊन ही शस्त्रक्रिया होते व तिला साधारणतः दोन ते चार तास लागतात. ओटीपोटाच्या तळाशी, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतला जातो. सिझेरियनचा आडवा व्रण असल्यास बहुधा तो याच भागात निघून जातो. कातडी व चरबीचा थर बरगड्यांपर्यंत वर उचलून दूर सरकलेले दोन्ही स्नायू पक्क्या टाक्यांनी मधोमध जवळ आणले जातात. हर्निया असेल तर तोही दुरुस्त करून आवश्यकतेनुसार जाळी बसविली जाते. मग वरची कातडी खाली ओढून जादा भाग कापून टाकतात. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागी राहते. तिच्यासाठी वरून आलेल्या कातडीत नवे छिद्र करावे लागते. कातडीखाली साचणारे पाणी वाहून जावे म्हणून एक-दोन नळ्या ठेवतात. काही शल्यचिकित्सक कातडी आतून स्नायूंच्या आवरणाला टाक्यांनी बसवितात व नळी ठेवण्याचे टाळतात.

काढलेली कातडी व चरबी वजनाने बहुधा थोडीच भरते, तेव्हा काट्यावर मोठा फरक दिसण्याची अपेक्षा धरू नये. वजन आधी घटवावे व काही महिने स्थिर ठेवावे. बेंबीखालच्या कातडीबरोबर तेथील पांढऱ्या रेघा जातात. वरच्या रेघा मात्र राहतात. आणि व्रण राहतो, तोही लांब. तो परकराच्या नाडीखाली झाकला जातो खरा, पण नाहीसा होत नाही. पहिले काही महिने तो लाल व जाड दिसतो आणि फिका पडण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. आपल्या सावळ्या कातडीत जाड, खाजरे व्रण उठण्याची प्रवृत्ती काहींत अधिक असते. पूर्वीच्या टाक्यांचा किंवा कान टोचल्याचा व्रण तसा वाढला असेल तर ते आधीच सांगावे.

कोणी घाई करू नये?

ज्यांना आणखी अपत्य हवे आहे त्यांनी थांबावे. पुढच्या गरोदरपणात शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात. बाळंतपणानंतर निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर जाऊ द्यावे व अंगावरचे दूध सुटलेले असावे. ‘सिझर करतच आहात, तर त्याच वेळी पोटही आवळून द्या,’ अशी विनंती नातेवाईकांकडून नेहमी होते. तसे करणे योग्य नव्हे. त्या समयी गर्भाशय मोठे असते, कातडी व ऊती सुजलेल्या असतात आणि जंतुसंसर्गाचा व रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

दुसरा मुद्दा तंबाखूचा, आणि तो आपल्या जिल्ह्यात अवघड आहे. बिडी-सिगारेट ओढणारी बाई विरळा. परंतु सकाळी मिसरी लावणाऱ्या, दाढेत तंबाखू धरणाऱ्या भगिनी घरोघरी आहेत, आणि ‘काही व्यसन आहे का?’ या प्रश्नाला त्या ‘नाही’ म्हणतात, कारण मिसरीला त्या व्यसन समजतच नाहीत. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. दूरवर उचललेल्या कातडीला रक्त आधीच कमी मिळत असते. त्यात निकोटिनची भर पडली की छेदाच्या मध्यभागी कातडी काळी पडून सडू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे व नंतरही तितकेच दिवस मिसरी, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद असावा. सासूबाईंनी व जाऊबाईंनीही त्या काळात घरात मिसरी भाजू नये, अशी आमची नम्र विनंती आहे. वासाने सवय परत येते.

हिमोग्लोबिन कमी असल्यास ते आधी भरून काढावे लागते. मधुमेह व रक्तदाब आटोक्यात असावा. सणवार, लग्नकार्य वा यात्रेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून सर्रास घेतल्या जातात. अशा गोळ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते न लपविता सांगावे, कारण त्यांतील काहींमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

नंतरचे दिवस

पहिल्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, परिचारिका रुग्णाला उठवून चालावयास लावतात. नातेवाईकांना ही निर्दयता वाटते व ‘पोटाला टाके असताना चालविता कसे?’ म्हणून कुरबुर होते. परंतु पायाच्या शिरांत रक्त गोठू नये यासाठी हे चालणेच सर्वांत मोठे औषध आहे. चालताना कमरेतून वाकूनच चालावे लागते, ताठ उभे राहण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. निजताना पाठीमागे उशा व गुडघ्यांखाली लोड घ्यावा, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. जमिनीवरच्या अंथरुणावरून उठणे पहिले दोन आठवडे फार जड जाते. घरात खाट नसल्यास शेजाऱ्यांकडून मागून आणावी. शौचासाठी उकिडवे बसणेही या काळात कठीण असल्याने खुर्चीची सोय आधीच पाहून ठेवावी.

स्नायू शिवल्याची वेदना पहिले तीन-चार दिवस तीव्र असते, ती गोळ्यांनी सुसह्य होते. खोकताना, शिंकताना उशी पोटाशी दाबून धरावी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. नळ्या साधारणतः एक ते दोन आठवड्यांत निघतात. पोटाचा पट्टा सुमारे सहा आठवडे वापरावा लागतो. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो, तेव्हा पोट शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी वा शेगडी मुळीच वापरू नये. चटका बसलेला कळतही नाही.

आहाराच्या बाबतीत आमचे व घरातील वडीलधाऱ्यांचे बहुधा पटत नाही. ‘टाक्यांत पू होईल’ म्हणून डाळ, भात, अंडी सारे बंद करून रुग्णाला चहा-बिस्किटांवर ठेवले जाते. जखम भरून यावयास प्रथिने लागतात. डाळ, मटकी, दूध, दही, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी, हे सर्व द्यावे. ज्वारीची भाकरीही खुशाल द्यावी.

खरी अडचण कामाची आहे. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलावयाचे नाही. दहा लिटर पाण्याचे वजनच दहा किलो होते, हंड्याचे निराळे. म्हणजे पाणी भरणे बंद. वर्षाचे मूलही सुमारे नऊ किलोंचे असते, त्याला कडेवर घेणेही बंद. बसून करावयाची हलकी कामे तीन-चार आठवड्यांनी जमतात. उसाची मोळी डोक्यावर घेणे, पोती उचलणे, कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणे यांसाठी मात्र तीन महिने तरी थांबावे, असा आमचा आग्रह असतो. मजुरीवर पोट असलेल्या घराला तीन महिने एक हात कमी पडणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. शस्त्रक्रियेचा दिवस म्हणूनच पंचांगापेक्षा हंगाम पाहून ठरवावा लागतो. दिवाळीनंतर थंडीचे दिवस जखमेला व पट्ट्याला सोयीचे. पण तेव्हा वेचणी व तोडणी ऐन भरात असते. कारखान्यावरून कुटुंब परतते तोवर परभणीचे ऊन चाळिशी ओलांडू लागते, पट्ट्याखाली घामोळे येते, आणि मृगात पेरणीचा तगादा सुरू होतो. सर्वांना सोयीचा महिना आम्हालाही सापडलेला नाही. ज्या घरात नवऱ्याने व सासूने तीन महिन्यांची कामे आपापसांत आधीच वाटून घेतली, तेथे उन्हाळ्यातही रुग्णाचे नीट निभते. म्हणून संमतीपत्रावर सही होण्यापूर्वी घरच्या मंडळींना आम्ही समोर बसवितो. मात्र निर्णय त्या स्त्रीचा असावा, नवऱ्याच्या टोमण्यांचा नसावा. तिच्याशी परिचारिका एकांतात बोलतात ते याचसाठी.

धोक्यांविषयी मोकळेपणाने लिहितो. कातडीखाली पाणी साचणे ही सर्वांत नेहमीची तक्रार असून ते सुईने काढता येते. रक्त साचणे, जंतुसंसर्ग, कडा न जुळणे, बेंबी एका बाजूस सरकणे हेही घडते. या सर्वांहून गंभीर म्हणजे पायातील रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकणे. हे क्वचित घडते, पण सौंदर्यासाठी म्हणून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांत या शस्त्रक्रियेत त्याचा धोका अधिक मानला जातो आणि त्यात प्राण जाऊ शकतो. एका पोटरीला सूज व दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत कळ, यांपैकी काहीही दिसल्यास गावातील इंजेक्शनवर वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दूरच्या तालुक्यांतील रुग्णांना घरी जाण्याची घाई करू दिली जात नाही, त्याचे कारण हेच.

इतके सोसून लाभ काय? योग्य रुग्ण निवडला असेल तर लाभ पुष्कळ आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ९ केंद्रांच्या अभ्यासात २१४ स्त्रियांची कंबरदुखी व खोकताना लघवी सुटण्याची तक्रार शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांत कमी झालेली आढळली. त्या अभ्यासात शस्त्रक्रिया न केलेल्या स्त्रियांचा तुलनेसाठी गट नव्हता, तेव्हा त्यावरून कंबरदुखीचा हमखास इलाज म्हणून ही शस्त्रक्रिया कोणी करू नये. लोंबत्या घडीखाली पावसाळ्यात व उन्हाळ्यात कायम चिघळणारी, बुरशी येणारी कातडी मात्र या शस्त्रक्रियेने निश्चित सुकते.

पैसा कोणाचा, कोणासाठी?

धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याचे बंधन आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा निधी केवळ रूप सुधारण्यासाठी खर्ची पडू नये, याविषयी आमचे मत ठाम आहे. सरकारी योजनांतही निव्वळ सौंदर्यशस्त्रक्रियेला स्थान नाही. ज्यांना ती हवी त्यांनी पूर्ण खर्च स्वतः द्यावा.

परंतु रेषा नेहमी सरळ आखता येत नाही. व्रणावर हर्निया झालेल्या, घडीखाली जखमा असलेल्या, सैल पोटामुळे मजुरी सुटलेल्या बाईची हर्निया-दुरुस्ती ही गरज आहे हे कोणीही मान्य करील. त्याच छेदातून जादा कातडी काढली तर काही जण त्याला चैन म्हणतात. आमचे उत्तर असे की, तीच लोंबती कातडी ठेवून हर्निया शिवल्यास जखमेच्या तक्रारी तशाच राहतात. तेव्हा तो उपचाराचाच भाग धरावा. याउलट स्नायू दूर गेले आहेत, हर्निया नाही, जखमा नाहीत, केवळ लोकांच्या बोलण्याने मन खचले आहे, अशी भगिनी आली तर? तिचे दुःख खोटे नाही. तरीही निधीतून तिला व्यायामोपचार व समुपदेशन मोफत द्यावे, शस्त्रक्रिया नव्हे, असे आम्हांस वाटते. विश्वस्तांपैकी काहींचे मत याहून उदार असू शकेल. या प्रश्नावर देणगीदारांनीही आपले म्हणणे लेखी कळवावे.

स्वखर्चाने अन्यत्र शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी विचारल्याखेरीज पैसे भरू नयेत. शल्यचिकित्सकाकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सी.एच. किंवा तत्सम पदवी आहे काय, महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी आहे काय, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर राहणार काय, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे काय, आणि पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागल्यास त्याचा खर्च कोण देणार? ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’ अशा जाहिरातींपासून विशेष सावध राहावे.

हर्निया किंवा व्रणाच्या तक्रारींसाठी येणाऱ्या रुग्णांनी शिधापत्रिका, आधार कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि पूर्वीच्या सर्व शस्त्रक्रियांची कागदपत्रे सोबत आणावीत. आपले दुखणे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते किंवा कसे, याची चौकशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे दाखल होण्यापूर्वीच करावी. कागद नसल्यामुळे कोणी परत जाण्याची गरज नाही. आधी तपासणी करून घ्यावी, दाखला मागाहून आणता येतो.